नेम्बेरालात राहायला जाताना: रोते बेटावरचा प्रवास, घर आणि जमीन

इंडोनेशियाच्या नकाशात अगदी खाली, तिमोरच्या नैर्ऋत्य टोकाजवळ रोते नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिणेला नदाना हे छोटं बेट येतं, पण तिथं फक्त सैनिकांची चौकी. त्यापुढे समुद्र आणि मग थेट ऑस्ट्रेलिया. म्हणजे नांदत्या वस्तीचं हे देशातलं दक्षिणेचं शेवटचं बेट. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढं क्षेत्र होईल, त्याच्या साधारण दुप्पट. या बेटाच्या पश्चिम टोकाला नेम्बेराला हे गाव आहे. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे परदेशी लोक इथं कित्येक वर्षं येतात, कारण गावासमोरच्या प्रवाळाच्या कडेवर एक लांब, नियमित लाट फुटते. बाकी जगाला गाव फारसं माहीत नाही.

बालीत गर्दी वाढली तशी आता निवांत जागा शोधणारी माणसं इकडे वळू लागली आहेत. त्यात घरून काम करणारी काही मराठी मंडळीही आहेत. मी तिथं राहून आलो हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडे जमीन घेता येते का?" त्याचं उत्तर खाली सविस्तर दिलं आहे, पण तो प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न पाण्याचा. या गावात एक पूर्ण कोरडा ऋतू आणि एक पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय जमिनीचं नावही काढू नका, असं मी मनापासून सांगतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं मांडल्या आहेत.

पहिली पायरी: महिना निवडा

रोतेत दोनच ऋतू. साधारण एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत कोरडा, डिसेंबर ते मार्च पावसाचा. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात वाहतो, लाटा चांगल्या असतात, खोल्या भरलेल्या असतात आणि गाव सगळ्यात देखणं दिसतं. म्हणूनच राहण्याचा विचार असेल तर पहिली खेप या दिवसांत करू नका.

ऑक्टोबरच्या शेवटी जा. तोपर्यंत पाच-सहा महिने पाऊस नसतो. डोंगरउतारावरचं गवत करडं पडलेलं असतं, शेळ्या काटेरी झुडपांची साल खातात आणि विहिरींचा तळ दिसू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात माणदेशात गेलं की गावाची खरी स्थिती कळते, तसंच. त्या दिवसांत ज्या घरात अंघोळीला गोडं पाणी मिळतं, ते घर बारा महिने राहण्याजोगं.

मग जानेवारी-फेब्रुवारीतही एक खेप करा. पश्चिमेचा वारा सुटला की तिमोरवरच्या कुपांग शहराहून येणाऱ्या बोटी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त बंद राहतात. दुकानात अंडी संपतात, मग कांदे, मग पेट्रोल. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळानं कुपांग आणि रोतेला मोठा तडाखा दिला. पत्रे उडाले, झाडं पडली, वीज गेली. तिथली माणसं त्या रात्रीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. छप्पर कुठल्या खिळ्यांवर उभं आहे हे विचारायची सवय मला तेव्हापासून लागली.

दुसरी पायरी: पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, ऑनलाइनही आधी काढता येतो. शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस, पुढे एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. लाख ऐकून दचकू नका. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मुदतवाढीसाठी कुपांगच्या इमिग्रेशन कार्यालयात जावं लागतं आणि मध्ये समुद्र आहे, हे लक्षात ठेवून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. मुदत उलटून राहिलात तर दंड दिवसाला १० लाख रुपिया. बोट बंद होती ही सबब मी कुणाला उपयोगी पडलेली पाहिली नाही. जास्त दिवस राहायचं असेल तर ६० दिवसांचा, वाढवता येणारा भेटीचा व्हिसा निघण्यापूर्वीच काढलेला बरा. यांपैकी कुठल्याही व्हिसावर तिथं कमाई करता येत नाही. खोली भाड्यानं देणं, योग शिकवणं, मित्राच्या खानावळीत गल्ल्यावर बसणं, हे सगळं काम धरलं जातं.

मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे बालीचं देनपासार गाठायचं. तिथून पावणेदोन-दोन तासांच्या विमानानं कुपांग. वेळ बालीचीच, भारताच्या अडीच तास पुढे. कुपांगहून रोतेला जायचे तीन रस्ते आहेत. छोटं पंख्याचं विमान अर्ध्या तासात पोहोचवतं, पण सामानाची मर्यादा कडक. तेनाउ बंदरातून सकाळी जलद बोट निघते, ती दोनेक तासांत बाआ या जिल्ह्याच्या गावी लागते. बोलोकहून गाड्या वाहणारी मोठी फेरी निघते, ती चारेक तास घेते आणि पांताई बारूला सोडते. मी पहिल्यांदा जलद बोटीनं गेलो आणि खिडकीजवळ बसलो. सामुद्रधुनीच्या मधोमध प्रवाह आडवा येतो, तिथं अर्धी बोट पिशवीत तोंड घालून बसलेली होती. मागच्या बाजूला, मधल्या रांगेत बसा आणि रिकाम्या पोटी जाऊ नका.

कुपांगला एक रात्र हातची ठेवाच. देनपासारहून सकाळी निघून त्याच दिवशी बोट पकडायचा हिशेब कागदावर जमतो, धक्क्यावर फसतो. या मोकळ्या वेळात कुपांगलाच रोख पैसे काढा, औषधं घ्या आणि सिमकार्ड घ्या. गावाकडे टेल्कोमसेलचं जाळं त्यातल्या त्यात भरवशाचं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. परदेशातून आणलेला फोन स्थानिक सिमवर ९० दिवसांपेक्षा जास्त वापरायचा असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळखक्रमांक, सीमाशुल्क खात्याकडे नोंदवावा लागतो, नाही तर फोन मुका होतो.

बाआहून नेम्बेराला तासाभराचा रस्ता. राहायची सोय आधी केलेली असेल तर घरमालक गाडी पाठवतात.

तिसरी पायरी: पहिले आठ दिवस

गाव म्हणजे तिथं 'देसा', आणि गावचा प्रमुख 'कपाला देसा'. आपलेच देश आणि कपाल हे शब्द. भाषेला 'बहासा', किमतीला 'हार्गा' म्हणजे अर्घ, नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्त्री', कामाला 'कर्जा' म्हणजे कार्य. मराठी माणसाच्या कानाला ही भाषा पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटते. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर बाजारहाट करण्याइतकी येते. बेटाची स्वतःची रोती भाषा वेगळी आहे आणि ती वस्तीगणिक बदलते. शिवाय कुपांगकडची बोली आहे. तिच्यात मी म्हणजे 'बेता' आणि नाही म्हणजे 'सोंदे'. परक्या माणसाच्या तोंडून 'सोंदे' ऐकलं की समोरचा हसतो आणि दारातली खुर्ची पुढे सरकवतो.

पहिल्याच दिवशी घरमालकांना बरोबर घेऊन कपाला देसाकडे जा आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती देण्याची जबाबदारी यजमानाची असते. तुम्ही आपणहून गेलात की त्यांचं काम सोपं होतं आणि गावाला तुमचं नाव कळतं. वडीलधाऱ्यांना 'बापा' आणि 'मामा' म्हणायचं. 'मामा' म्हणजे आई, हे आपल्याला सवयीचं व्हायला वेळ लागतो. खऱ्या मामाला, म्हणजे आईच्या भावाला, रोतीत 'तोओ' म्हणतात, आणि लग्नात, मयतात त्याचा मान मोठा असतो. लग्नघरी तोओ कोण आहेत हे विचारून त्यांना आधी भेटलात तर लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. समवयस्क पुरुषांना 'काका' चालतं. तिथं 'काका' म्हणजे थोरलं भावंड.

कुणाच्याही घरी गेलं की विडा पुढे येतो. पान-सुपारीच, पण पानाच्या जागी बहुतेकदा त्या वेलाचं लांबट हिरवं फळ असतं. सुपारीची फोड, फळाचा तुकडा, बोटाच्या टोकावर कोरडा चुना. चावायचं नसेल तर एक फोड उचलून हातात धरा, कपाळाशी न्या, खिशात ठेवा. नको म्हणून हात मागे घेऊ नका. मी घरून निघताना आजीचा पितळी अडकित्ता घेऊन गेलो होतो. ज्या घरी तो काढला त्या घरी तासभर मोडला. शेजारच्या म्हातारबाईंनी तो हातात घेऊन चार वेळा उघडला, मिटला, मग आतून स्वतःचा आणला आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

बेट बहुतांशी प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी यंत्र, करवत, मोटार काही चालवू नका. लग्न किंवा मयतासाठी घरोघरून वर्गणी गोळा करण्याची 'तुऊ' नावाची रीत आहे. राहायला आलेल्या माणसाकडेही पाकीट येतं. आपल्याला झेपेल ते द्या, पण द्या, आणि मांडवात थोडा वेळ बसा.

चौथी पायरी: भाड्याचं घर

सहा महिन्यांसाठी घर घ्या. बघायला जाल तेव्हा आधी विहिरीपाशी जा. दोर सोडून पाणी किती खाली आहे ते बघा, ओंजळभर तोंडात घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात आणि कोरड्या ऋतूच्या शेवटी आणखी खारावतात. कपडे धुवायला चालतात, डाळ शिजत नाही. मग विचारा, गोडं पाणी कुठून येतं, टँकर किती दिवसांनी येतो आणि गेल्या नोव्हेंबरात किती दिवसांनी आला. छपराला पन्हळ आणि खाली मोठी टाकी असलेलं घर थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. मी पहिलं घर समुद्राच्या देखाव्यावर भाळून घेतलं. तीन आठवड्यांत टाकी आटली आणि अंगाला मीठ येऊ लागलं. दुसरं घर रस्त्याच्या आतल्या बाजूला होतं, खिडकीतून फक्त चिंचेचं झाड दिसायचं, पण नळाला पाणी होतं.

विजेचं मीटर बहुतेक ठिकाणी आधी पैसे भरायचं असतं. दुकानातून किंवा फोनवरून टोकन घ्यायचं, २० आकडे येतात, ते मीटरच्या बटणांवर एकेक करून टाकायचे. पैसे संपत आले की मीटर टीं टीं करतं, आणि ते बहुधा रात्री दोन वाजता करतं, म्हणून एक टोकन वहीत लिहून जवळ ठेवा. आपली दोन गोल पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसते, तीन पायांची बसत नाही. वीज जाते तेव्हा इंटरनेटही जातं. रोजच्या बैठका असणाऱ्या माणसानं बॅटरीची सोय केल्याशिवाय नोकरी सांभाळत इथं राहायचा बेत करू नये.

खाण्याचं शाकाहाऱ्यांना जमतं, पण सांगावं लागतं. "साया तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान", मी मांस खात नाही, मासे खात नाही, हे वाक्य पाठ करा. त्यात 'तरासी' जोडा, कारण 'सांबाल' या झणझणीत चटणीत ही कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते आणि कुणाला ती मासळी वाटत नाही. टोफू आणि तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मिळते. मक्याचे दाणे कुटून शिजवलेलं 'जागुंग बोसे' पोटभरीचं. शेवग्याचा पाला तर दारोदार. त्याला कुपांगकडे 'मारुंगा' म्हणतात. विदर्भातल्या माणसाला 'मुनगा' आठवल्याशिवाय राहणार नाही. डाळी, हिंग आणि चांगला चहा मात्र घरून न्या.

डासांपासून जपा. या प्रांतात हिवताप आहे. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, आणि ताप आला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात रक्त तपासून घ्या. तिमोर बेटावर २०२३ पासून रेबीज आहे, कुत्रा चावला तर वेळ न घालवता लस घ्या. बाआत सरकारी रुग्णालय आहे, त्यापुढचं काही असेल तर कुपांग. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला प्रा. डॉ. डब्ल्यू. झेड. योहान्नेस यांचं नाव आहे. ते याच बेटाचे. दुसरे हेरमान योहान्नेस, अभियंते आणि स्वातंत्र्यलढ्यातले. त्यांचा चेहरा तिथल्या १०० रुपियाच्या नाण्यावर आहे. सुट्टे हातात आले की बघा. एवढ्याशा बेटानं शिक्षणाला किती जीव लावला असेल, याचा मला ते नाणं पाहून अंदाज आला.

बोट बंद असताना कुपांगही दूरच असतं. हृदयविकार, अवघड बाळंतपण किंवा डायलिसिसची गरज असलेल्यांनी इथं मुक्काम करू नये.

गाव कशावर जगतं

ही पायरी नाही, पण हे समजल्याशिवाय पुढची घेऊ नका.

रोतेचं पोट ताडावर. हो, आपलाच ताड, ताडगोळ्यांचा. तिथं 'लोंतार' म्हणतात. कोरड्या ऋतूत माणूस दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी झाडावर चढतो, पोय चिमट्यानं दाबून मऊ करतो, कोयत्यानं पातळ चकती छाटतो आणि खाली ताडपत्राची घडी घालून केलेली बादली बांधतो. तिला 'हाइक' म्हणतात. हाइकमधला ताजा रस म्हणजे आपली नीरा. ती सकाळी जेवणासारखी पितात. उरलेली मातीच्या चुलीवर आटवून काकवी करतात, किंवा ताडपत्राच्या कड्यांत ओतून गुळाच्या चपट्या वड्या पाडतात. आंबवून दारू होते, गाळून 'सोपी'. पानांतून छपरं, टोपल्या, 'तीई लांगा' नावाची मध्ये शेंडी उभी असलेली टोपी, आणि सासांदो या तंतुवाद्याचा घुमट. मला पहिल्या सकाळी शेजाऱ्यांनी हाइकमधून नीरा ओतून दिली. वर दोन मधमाश्या तरंगत होत्या, त्या त्यांनी बोटानं बाजूला केल्या. चव हुबेहूब वसईची.

दुसरं पीक समुद्रात. ओहोटी लागली की प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी गुडघ्याएवढं होतं आणि बाया डोक्यावर घमेली घेऊन आत जातात. खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्या असतात, दोरीला वीत वीत अंतरावर शेवाळाचे झुबके बांधलेले. साधारण दीड महिन्यात झुबका मूठभराचा सूपभर होतो. मग उपटायचा, बांबूच्या माचांवर वाळवायचा आणि व्यापाऱ्याला द्यायचा. आइसक्रीम आणि टूथपेस्ट घट्ट ठेवणारा कॅराजिनन त्यातून निघतो. रांगेत बसून नव्या दोऱ्यांना रोपं बांधणाऱ्या बायांची बोटं इतक्या वेगानं चालतात, की गाठ कशी पडली ते मला चार वेळा बघूनही कळलं नाही.

२१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या मोंतारा तेलविहिरीला गळती लागली आणि ती दोन महिन्यांहून जास्त चालली. त्यानंतर इथलं शेवाळ पांढरं पडून गळालं. रोते आणि कुपांगकडच्या १५,००० हून जास्त शेवाळ-शेतकऱ्यांच्या वतीनं रोतेच्याच एका शेतकऱ्यानं २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात दावा लावला. मार्च २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि २०२२ मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. मुलांच्या शाळा सुटल्या, ती वर्षं परत आली नाहीत, असं बाया सांगतात. म्हणून त्या दोऱ्यांवरून चालू नका, फळी किंवा होडी नेऊ नका, आणि घराचं सांडपाणी किनाऱ्याकडे सोडू नका. ते पाणी त्यांचं शेत आहे.

पाचवी पायरी: जमीन

आता तो प्रश्न. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. तुम्हाला नाही, मलाही नाही.

बाजारात यावर एक तोडगा विकला जातो. एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी करायची आणि त्याच्याकडून खाजगी करार लिहून घ्यायचा. कृपा करून हे करू नका. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय तो स्थानिक माणूस उद्या वारला तर त्याच्या मुलांना तुमचा करार माहीत नसतो. आपल्याकडे शेतकरी नसलेल्यानं दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर शेतजमीन घेतली की पुढच्या पिढीत काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

सरळ मार्ग तीन. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. मुदत ३० वर्षं, मग २०, मग ३०. घराच्या किमान किमतीची अट असते. दुसरा, परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून तिच्या नावानं बांधकामाचा हक्क घेणं. त्यासाठी जमीन-इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून मोठ्या गुंतवणुकीचा आराखडा लागतो. हॉटेल काढणाऱ्यांसाठी ठीक, घर बांधणाऱ्यांसाठी नाही. तिसरा, साधा दीर्घ भाडेपट्टा. नेम्बेरालात जाऊन राहू पाहणाऱ्या माणसाला मी हाच सांगेन. जमीन त्या घराण्याकडेच राहते, आणि मला ते योग्यही वाटतं.

मोजमाप तुम्हाला लगेच कळेल. तिथंही आर आणि हेक्टर चालतात, सातबाऱ्यावर असतात तेच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा.

पट्टा करण्याआधी जागेवर सकाळी जा आणि चारही शेजाऱ्यांना बोलवा. हद्द कागदावर बघू नका, चालत बघा. रोतेत डुकरं, गुरं, शेळ्या मोकळ्या फिरतात म्हणून शेतांना दगडी गडगे असतात, आणि गडगा कधी कुणी सरकवला हे शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. मग ती जमीन कुठल्या घराण्याची ते विचारा. घराण्याला 'लेओ' म्हणतात. प्रमाणपत्र एका भावाच्या नावावर असलं तरी बाकीची भावंडं, कुपांगला किंवा जकार्ताला गेलेल्या बहिणी, यांच्या सह्या घ्या. एका ओळखीच्या माणसानं दोन भावांच्या सह्या घेतल्या, तिसरा मलेशियात होता. घराचा पाया झाल्यावर तो आला. भांडण झालं नाही, तो फक्त रोज सकाळी येऊन पायावर बसायचा. शेवटी त्याच्याशी वेगळा करार करावा लागला, वेगळे पैसे मोजून.

कागदपत्रांत प्रमाणपत्र आहे की नाही ते आधी बघा आणि बाआच्या जमीन कार्यालयात ते तपासून घ्या. जमीन खात्याचं 'संतुह तानाहकू' हे ॲपही आहे. नुसत्या जुन्या करपावतीवर किंवा गावाच्या दाखल्यावर पैसे देऊ नका. करार नोटारीसकडे करा. हा आपल्याकडच्या नोटरीपेक्षा बराच मोठा, दस्त तयार करणारा कायदेतज्ज्ञ असतो. करार इंडोनेशियन भाषेत असणं कायद्यानं आवश्यक आहे, त्यामुळे भाषांतर स्वतःच्या माणसाकडून करून घ्या, समोरच्याच्या दलालाकडून नाही. भाड्यावर १० टक्के कर जमीनमालकाला लागतो. तो कोण भरणार हे लिहा, नाही तर आकडा ठरल्यावर त्यावरून मन दुखावतं. मुदतवाढीचा दर आत्ताच ठरवा. मालक वारल्यास वारसांवर करार बंधनकारक राहील, हे वाक्य स्पष्ट हवं.

समुद्रकाठच्या जागेचं आकर्षण मी समजू शकतो. पण भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून साधारण १०० मीटरचा पट्टा किनारासंरक्षणात येतो, आणि किनाऱ्याची वाट ही सगळ्यांची असते. त्या वाटेनं बाया शेवाळ घेऊन येतात, मुलं पोहायला जातात. या टोकाला वाट अडवण्यावरून वाद झाले आहेत. तुमच्या जागेतून वाट जात असेल तर ती नकाशात दाखवा आणि उघडी ठेवा. बांधकामाला परवाना लागतो, सिमेंट-लोखंड कुपांगहून येतं, आणि खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे दोन पावसाळ्यांत गळतात. किनाऱ्यावरची वाळू उचलू नका, कितीही जण उचलत असले तरी.

भारताची बाजू

भारतात निवासी असाल तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांवर गेलेल्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण हातातली रक्कम तोवर अडकते. परदेशातली मालमत्ता आणि बँक खातं विवरणपत्राच्या 'शेड्यूल एफए'मध्ये दाखवावंच लागतं. राहून गेलं तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. सीएला पैसे पाठवण्यापूर्वी भेटा.

सही करण्याआधी शेवटचं

पट्ट्याच्या जागेत ताड असतील तर ते मोजा, आणि त्यांच्यावर कोण चढतं ते विचारा. मालक चढत असतील असं नाही. एखादा चुलता, एखादा शेजारी बापाच्या काळापासून ती झाडं राखत असतो. आमच्या कुंपणात अकरा होते. मी त्या माणसाबरोबर एका संध्याकाळी जागेत फिरलो. प्रत्येक बुंध्याला हात लावून त्यानं सांगितलं, ही देते, ही दोन वर्षांपासून बंद आहे, ही माझ्या आजोबांची. करारात आम्ही वेगळं कलम घातलं: अकरा झाडं, चढण्याचा हक्क त्याचा, वाट पूर्वेच्या फाटकातून, एकही तोडायचं नाही. नोटारीसनं पुन्हा पुन्हा वाचून ते तसंच ठेवलं. आता कोरड्या ऋतूत पहाटे साडेपाचला फाटक वाजतं आणि पायरीवर झाकलेला तांब्या असतो.